रात्री दहाला प्लग ओढण्याआधी

प्रश्न : माझं दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र आहे. मुलगा बारावी सायन्सला, अकरावीत 61 टक्के. जुना कॉम्प्युटर आणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं आणि 'सर्व्हर' म्हणून दिवसरात्र चालू ठेवतो. दुकानाची उधारीही त्यातच घातली. बिल वाढतं म्हणून मी रात्री दहाला प्लग ओढतो. त्याने नीटचा अभ्यास करावा असं वाटतं. फुकटच्या लिनक्सवर पोट भरेल का? – एक पालक

उत्तर : भाऊ, मला 61 टक्क्यांची काळजी नाही, प्लगची आहे. नीट कोणाला हवी ते तुम्ही लिहिलंत. पोराला काय हवं, यावर पत्रात एक शब्द नाही. विचारलंत का कधी?

चालू मशीनचा प्लग ओढला की डिस्कवर न उतरलेलं, मेमरीतलं काम जातं. ते अर्ध्या मिनिटापूर्वीचंही असू शकतं. फाइल सिस्टिमचं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, डिस्कवरची मांडणी सांभाळतं, तुमची शेवटची नोंद सांभाळेलच असं नाही. एखाद्या सकाळी मशीन पूर्ण सुरूच होणार नाही, 'इमर्जन्सी मोड'मध्ये अडकेल. तुम्ही म्हणाल, पोरानं बिघडवलं. बिघाड तुमचा असेल, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर अडकलेली उधारीही तुमचीच. बंदच करायचं तर त्याला 'पॉवरऑफ'ची कमांड देऊ द्या, मग प्लग काढा.

बिलाची तक्रार मात्र रास्त आहे. जुना डेस्कटॉप 50 वॅट खात असेल तर दिवसाला 1.2 युनिट, महिन्याला 36. एवढं काम 4 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप 12-15 वॅटमध्ये करतो, म्हणजे महिन्याला दहाएक युनिट. लाईन गेली तर त्याची बॅटरीच यूपीएस. फक्त मे महिन्यात टिनाखाली ठेवू नका. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली समजा. मशीन बंद करून ती दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या.

आता तुमचा 'फुकटचं' हा शब्द. लिनक्स फुकट मिळतं, ते चालतं ठेवणारा माणूस मिळत नाही. रेड हॅट कंपनीच्या लिनक्सचा कोड खुला आहे, तरी 2019 मध्ये आयबीएमने ती सुमारे 3,400 कोटी डॉलरला घेतली. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते सुरक्षेचे अपडेट वेळेवर मिळावेत आणि काही अडलं तर कोणीतरी उत्तर द्यावं, यासाठी. तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्याही गाभ्यात लिनक्सच आहे.

वाटा नेहमीच्याच: सीईटी देऊन अभियांत्रिकी, नाहीतर बीसीए किंवा बीएस्सी कम्प्युटर. अर्जाची तारीख तेवढी चुकवू नका.

पुढचं पोराला वाचायला द्या. बाबू, मशीन दिवसरात्र चालू आहे यात तुझं कौतुक काही नाही. पंखाही चालू राहतो. उधारीच्या प्रोग्रामची सर्व्हिस 'स्टार्ट' केलीस, पण मशीनबरोबर आपोआप सुरू व्हावी म्हणून 'इनेबल' केलीस का? नसेल तर लाईन आल्यावर मशीन उठेल, उधारी उठणार नाही. रेड हॅटची आरएचसीएसए ही लिनक्स सांभाळणाऱ्यांची परीक्षा प्रत्यक्ष मशीनवर काम करून द्यावी लागते, आणि रीबूटनंतर टिकलेलं कामच धरतात. तिची फी आत्ता भरू नकोस, तिच्यासारखा सराव कर. एसएसएचचं, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायच्या वाटेचं, पासवर्ड लॉगइन बंद करून की (किल्लीची फाइल) वापर. आधी स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीतून कीने आत जाता येतं हे बघ, नाहीतर स्वतःच बाहेर राहशील. आणि त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरला बॅकअप म्हणू नकोस. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या आरसिंकने (फाइलींची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने) उचलल्या तर प्रत अर्धवट येऊ शकते. आधी डम्प, म्हणजे डेटाबेसची एकसंध प्रत, काढ, मग तो बाहेरच्या डिस्कवर टाक.

भाऊ, परीक्षा तुम्हीच घ्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्या बॅकअपमधून उधारी परत उभी करायला सांगा आणि कोणतीही पाच खाती कागदी वहीशी ताडून बघा. जुळली तर त्याच्याशी अभ्यासक्रमाबद्दल बोलायला बसा. नाही जुळली तर आणखी महिनाभर द्या, आणि तोवर ती वही रद्दीत घालू नका.