तोळा, मासा, गुंज आणि डीबगरची परीक्षा

प्रश्न : सी भाषेत क्यू-15 (अपूर्णांकाला 32768 ने गुणून पूर्णांकात ठेवणारी पद्धत) प्रकारच्या चलात 0.1 ठेवला. जीडीबी या डीबगरमध्ये (चालू प्रोग्रामच्या आतल्या किमती दाखवणारं साधन) प्रिंट केला तर 3277 दिसतं. डीबगर चुकतोय का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, इंदूर)

नाही. 0.1 गुणिले 32768 म्हणजे 3276.8, जवळचा पूर्णांक 3277. क्यू-15 हे नाव तुम्ही 16 बिटांच्या इंटला (पूर्णांक-प्रकाराला) टाइपडेफने दिलं असणार. त्यामुळे नाव बदललं, पण डीबगरच्या लेखी तो इंटच राहिला. 32768.0 ने भागून प्रिंट करा, किंवा पायथनमध्ये छोटा प्रिटी-प्रिंटर (किंमत वाचता येईल अशी दाखवणारा कोड) लिहा. तेव्हाही 0.1 येणार नाही, 0.100006103515625 च्या आसपासचा आकडा येईल. तोच बरोबर आहे, कारण चलात तेवढंच साठलेलं आहे.

प्रश्न : एडा या भाषेत डेल्टा (लगतच्या दोन किमतींतलं जास्तीत जास्त अंतर) 0.1 असा प्रकार केला. त्यात 0.3 ठेवल्यावर डीबगरमध्ये 0.3 येतच नाही. असं का? (नोकरीला नुकताच लागलेला प्रोग्रामर, बडोदा)

आमच्या इंदूरच्या सराफ्यातली जुनी मापं घ्या. 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा. म्हणजे तोळ्याला 96 गुंजा. 5 तोळे 7 मासे 3 गुंजा हे वजन '539 गुंजा' असं एका पूर्णांकात लिहिता येतं. फिक्स्ड-पॉइंट प्रकार हेच करतो: स्मृतीत 539, आणि एक गुंज म्हणजे किती हे प्रकाराच्या व्याख्येत. एडात या गुंजेला 'स्मॉल' म्हणतात.

तुम्ही डेल्टा 0.1 दिलात, स्मॉल दिला नाहीत. मग कंपायलर डेल्टापेक्षा मोठी नसलेली दोनाची घात घेतो, इथे 1/16. त्या तराजूत 0.25 आहे, 0.3125 आहे, मध्ये काही नाही. 0.3 अचूक हवा असेल तर स्मॉल 0.1 असं स्वतः लिहा.

प्रश्न : डीबगर हे फिक्स्ड-पॉइंट प्रकार नीट हाताळतो का, हे तपासायचं काम माझ्याकडे आलं आहे. सुरुवात कुठून करू? (फर्मवेअर अभियंता, पीथमपूर)

हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला. आपण प्रोग्रामची साक्ष डीबगरकडे मागतो, पण त्या साक्षीदाराची उलटतपासणी फारसं कुणी करत नाही.

आधी एक नियम पाळा: अपेक्षित उत्तर डीबगर चालवून घेऊ नका, कागदावर काढा. डीबगरचंच उत्तर चिकटवून केलेली चाचणी त्याच्या चुकीलाही 'पास' म्हणते.

मग तीन तराजू, म्हणजे तीन तऱ्हांचे स्मॉल, वेगळे तपासा. दोनाच्या घातीचा, दहाच्या घातीचा, आणि या दोन्हींत न बसणारा. तिसऱ्यासाठी 1/96 उत्तम. 3 गुंजा म्हणजे 0.03125 तोळा, अगदी नेमका. पण एक गुंज म्हणजे 0.0104166… आणि पुढे सहाच सहा. असा अपूर्णांक दशांशात संपत नाही, म्हणून डीबगरला अंश आणि छेद दोन्ही मिळायला हवेत. जीडीबी 11 मध्ये त्याची सोय आली.

चिन्हासाठी 16 बिटांत फक्त सर्वांत वरचा बिट 1 ठेवा. स्केल 15 असताना (म्हणजे कच्चा आकडा 32768 ने भागायचा असताना) चिन्हासहित प्रकारात ते उणे 1 असतं, चिन्हरहितात अधिक 1. बाइट तेच, अर्थ उलटा.

डीबगरमधून चलाला किंमत देता तेव्हा गोलाई कशी होते, तेही पाहा. गुंजांच्या हिशेबात उणे 9.4 आणि उणे 9.6 अशी जोडी द्या. दोन्हींना उणे 10 आलं तर तो खाली ढकलतोय, दोन्हींना उणे 9 आलं तर शेपूट तोडतोय, उणे 9 आणि उणे 10 आलं तर जवळचा घेतोय. एकट्या आकड्याने हे कळत नाही. नंतर पत्त्यावरचे कच्चे बाइट वाचा. नुसत्या प्रिंटवर विसंबू नका, कारण लिहिताना आणि वाचताना एकच चूक झाली तर ती झाकली जाते.

गुणाकारात 0.5 गुणिले 0.5 करा. क्यू-15 मध्ये कच्चे आकडे 16384 आणि 16384. गुणाकाराला 32768 ने भागलं तर 8192, म्हणजे 0.25. भागायचं राहिलं तर उत्तर कुठच्या कुठे जातं.

आणि माझी सर्वांत आवडती चाचणी. नॅट या एडाच्या कंपायलरमध्ये ड्युरेशन हा कालावधीचा प्रकार 64 बिटांचा, नॅनोसेकंदांत मोजलेला. त्यात 9007199254740993 हा कच्चा आकडा ठेवा, म्हणजे सुमारे 104 दिवस. डबल या अपूर्णांक साठवण्याच्या नेहमीच्या प्रकारात 53 बिटांचीच अचूकता असते, तिथे हा आकडा बसत नाही. डीबगर आतून डबल वापरत असेल तर शेवटचा 3 जाऊन 2 येईल. जीडीबी 11 पासून ते बांधताना जीएमपी लायब्ररी लागते, ती अशाच अचूक हिशेबासाठी.

प्रश्न : उत्तर चुकलं तर दोष कंपायलरचा की डीबगरचा, हे कसं ओळखू? (ग्वाल्हेर)

मधला कागद वाचा. कंपायलर ड्वॉर्फ या स्वरूपात डीबग-माहिती लिहितो, डीबगर ती वाचतो. रीडेल्फ या साधनाने ती उघडून प्रकाराची नोंद फिक्स्ड-पॉइंट आहे का आणि स्केल बरोबर आहे का ते पाहा. तिथेच चूक असेल तर डीबगर निर्दोष. जीडीबीच्या चाचणी-संचात ड्वॉर्फ हाताने लिहायची सोय आहे, त्यामुळे कंपायलरला बाजूला ठेवूनही डीबगर तपासता येतो.

जीडीबी 11 हे 2021 चं आहे. त्याआधीच्या आवृत्त्या एडाचा स्मॉल प्रकाराच्या नावाला जोडलेल्या सांकेतिक शेपटातून ओळखत. तुमच्या यंत्रावर जुनी आवृत्ती असेल, तर आधी ती बदला आणि मगच दोषाची नोंद करा.