'मॉमी डिअरेस्ट'मधल्या हँगरच्या प्रसंगाला लोक का हसतात?

तुम्ही विचारलंय: "मित्रांच्या खोलीवर 'मॉमी डिअरेस्ट' पाहिला. आई मुलीला हँगरनं मारते तिथं सगळे खो खो हसले. मी उठून बाहेर गेलो. अशा प्रसंगाला लोक हसूच कसे शकतात? की माझंच काही चुकतंय?"

तुमचं काही चुकलेलं नाही, हे आधी सांगते. हसणाऱ्यांना मात्र मी एका फटक्यात निर्दय म्हणणार नाही. एकेकाळी मीही हसलेय, तेसुद्धा माझ्याच घरातल्या गोष्टीला.

मागच्या मे महिन्यात जुळे सोलापुरात एका मैत्रिणीकडे आम्ही सहाजणींनी हा सिनेमा पाहिला. बाहेर 43 अंश. कूलर लावला की संवाद ऐकू येईनात, बंद केला की बसवेना. शेवटी कूलर चालू ठेवून खालची इंग्रजी अक्षरं वाचत पाहिला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जोन क्रॉफर्ड ही हॉलिवूडची फार मोठी नटी. ती 1977 च्या मे महिन्यात गेली. मृत्युपत्रात तिनं क्रिस्टिना आणि ख्रिस्तोफर या दत्तक मुलांना काहीच ठेवलं नाही. कारणं त्यांना चांगली ठाऊक आहेत, एवढंच त्यात लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी क्रिस्टिनाचं पुस्तक आलं, आणि बाहेर देवीसारखी वाटणारी आई घरात काय करायची ते जगाला कळलं. 1981 मध्ये त्यावर सिनेमा निघाला. दिग्दर्शक फ्रँक पेरी, आईच्या भूमिकेत फे डनवे.

तुमचे मित्र हसले ते काही नवल नाही. सिनेमा लागला तेव्हापासून हेच चाललंय. लोक तारेचे हँगर आणि फरशी घासायच्या पावडरचे डबे घेऊन थिएटरात यायचे, संवाद मोठ्यानं म्हणायचे. महिनाभरात पॅरामाउंट कंपनीनं जाहिरातच बदलली आणि सिनेमा थट्टेचा माल म्हणून विकायला काढला. निर्माता फ्रँक याब्लान्स त्याविरुद्ध कोर्टात गेला. त्या वर्षीच्या सर्वांत वाईट सिनेमाचा रॅझी पुरस्कार याला मिळाला, डनवेलाही वाईट अभिनयाचा मिळाला. या भूमिकेबद्दल ती पुढे खंत बोलून दाखवत राहिली.

माझं मत विचाराल तर डनवे वाईट नाही. ती पूर्ण ताकदीनं काम करते. अडचण सिनेमाच्या बांधणीत आहे. तो पहिल्यापासून वरच्या पट्टीत सुरू होतो आणि खाली येतच नाही. आईचा चेहरा, आईची आदळआपट, आईचे कपडे. मुलीच्या पोटात काय होतंय हे आपल्याला फारसं दिसत नाही. समोर सतत कुणी किंचाळत राहिलं की थोड्या वेळानं माणूस घाबरायचा थांबतो आणि बघे होतो.

आता त्या हँगरच्या रात्रीबद्दल. आमच्यातही तिथं दोघी हसल्या. मी नीट पाहत होते, त्या नेमक्या कुठं हसल्या ते. मारताना नाही. आई कपाट उघडते, महागाचा फ्रॉक तारेच्या हँगरला अडकवलेला बघते आणि पिसाळते, तिथं. एक म्हणाली, "अगं बाई, हँगरवरून?"

सगळं उत्तर याच तीन शब्दांत आहे, असं मला वाटतं. कारण इतकं क्षुल्लक आणि राग इतका अफाट, त्यांचा मेळ बसत नाही म्हणून लोकांना हसू येतं. ज्यानं असं घर पाहिलंय त्याला मात्र त्या क्षुल्लक कारणाचीच भीती वाटते. चोरी केली म्हणून मार बसला तर पोराला निदान कळतं की चोरी करायची नाही. हँगरवरून मार बसला की त्याला एवढंच कळतं की उद्या तो कशावरूनही बसेल.

आमच्याकडे टॉवेल होता.

माझे वडील, अण्णा, हौशी नाटकातले नट. गावात नाव होतं त्यांचं. नवी पेठेतून त्यांच्याबरोबर चालत गेलं की चार ठिकाणी थांबावं लागायचं, कुणीतरी हात धरून "परवाचं काम काय झालं हो" म्हणायचं. पोरीसाठी जीव टाकणाऱ्या बापाची भूमिका त्यांनी अनेक वर्षं केली. हुतात्मा स्मृती मंदिरात त्यांच्या शेवटच्या प्रवेशाला बायका पदर डोळ्याला लावायच्या आणि बाहेर पडताना माझ्या गालाला हात लावून म्हणायच्या, "नशीबवान आहेस गं." मी मान हलवायची. तेवढ्या वेळात मी दारावरच्या खुंटीचा विचार करत असायची, कारण टॉवेल पसरून टाकलाय की दुमडून, ते आठवत नसायचं.

टॉवेल दुमडून टाकला की आत ओल राहते, वास येतो. सोलापुरात टॉवेलचं कुणाला काय कौतुक, घरोघरी ढिगानं असतात. पण त्या दुमडलेल्या टॉवेलवरून माझ्या पाठीवर कमरेचा पट्टा पडलाय. दुसऱ्या दिवशी तोच टॉवेल तसाच दुमडलेला असायचा आणि अण्णा गुणगुणत दाढी करत असायचे. नियम कळावा म्हणून मी फार प्रयत्न केला. कळला नाही.

कॉलेजात एकदा मैत्रिणींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "टॉवेलवरून? काय पण!" आणि हसल्या. त्यांच्याबरोबर मीही हसले. हसले नसते तर पुढचं सांगावं लागलं असतं.

म्हणून तुमच्या मित्रांतलाही एखादा त्यासाठीच हसत असेल, हे लक्षात असू द्या. आपल्या सरकारनं 2007 मध्ये मुलांच्या छळाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. 13 राज्यांतल्या 12 हजारांहून अधिक मुलांशी बोलून केलेला. त्यात दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मार खाल्ल्याचं आढळलं, आणि घरात मार खाल्लेल्यांपैकी बहुतेकांना मारणारे आई किंवा वडीलच होते. तुमच्या खोलीत किती जण होते, तुम्हीच मोजा.

सिनेमा संपल्यावर आमच्याकडे चहाबरोबर वादही झाला. मैत्रिणीच्या सासूबाई आतून येऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचं असं काढू नये. वाढवलं, शिकवलं, खायला घातलं ना? झाकली मूठ सव्वा लाखाची." अमेरिकेतही पुस्तक आलं तेव्हा अनेकांचा सूर हाच होता. आई उत्तर द्यायला नाही, वर मृत्युपत्रातून वगळलेली मुलगी, म्हणजे सूडच असणार. क्रॉफर्डच्या कॅथी आणि सिंडी या धाकट्या मुलींनीही सांगितलं की आमची आई अशी नव्हती. ख्रिस्तोफर मात्र क्रिस्टिनाच्या बाजूनं उभा राहिला. मला यात खोटं कोण हे ठरवावंसं वाटत नाही. माझ्या धाकट्या भावाला अण्णांनी बोटसुद्धा लावलं नाही. त्याच्या आठवणीतले अण्णा प्रेमळ आहेत आणि तो खरं बोलतो. मीही खरंच बोलते.

दुसरी म्हणाली, "श्यामच्या आईनंही श्यामला शिंपटीनं मारलं होतं की. मग तीही वाईट का?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. श्याम पोहायला घाबरून लपतो, आई त्याला फोकानं बदडत विहिरीवर पाठवते. लहानपणी वाचताना मला तो मार कधी भीतीचा वाटला नाही. मार कशासाठी ते श्यामला माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे. आणि नंतर ती त्याला जवळ घेते, का मारलं ते सांगते. मारणं आज मला पटत नाही, आईचंही नाही. पण त्या आईकडे मुलाला देण्यासारखं उत्तर आहे. हँगरच्या रात्री कुणाकडेच उत्तर नाही.

आणि त्यानंतरचा न्हाणीघराचा प्रसंग. रात्री मुलीला बाथरूममध्ये नेऊन आई पावडर उधळते, डब्यानं मारते आणि सगळं साफ कर म्हणून निघून जाते. पोर पांढऱ्या राडारोड्यात एकटी बसलेली. तिथं आमच्याकडे कुणी हसलं नाही. हँगरला सगळ्यात मोठ्यानं हसलेली उठली आणि कारण नसताना कूलरमध्ये पाणी ओतायला गेली. टाकी भरलेलीच होती.

क्रॉफर्डला ऑस्कर मिळालं ते 'मिल्ड्रेड पिअर्स'साठी, 1946 च्या मार्चमध्ये. भूमिका कसली, तर मुलीसाठी वाट्टेल ते करणाऱ्या आईची. आजारी आहे म्हणून समारंभाला गेली नाही, ऑस्करची बाहुली घरी आली, पलंगावर फोटो निघाले. क्रिस्टिना तेव्हा सहा वर्षांची होती. तो प्रसंग सिनेमातही आहे आणि लोक तो सहज पाहून पुढं जातात. मला मात्र तिथं पडदा थांबवावा लागला. मुलं मार खाऊन दवाखान्यात येतात आणि मारणारे घरचेच असतात, यावर डॉक्टर केंपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गाजलेला लेख अमेरिकेत आला 1962 मध्ये. म्हणजे 1946 मध्ये त्या पोरीनं सांगितलं असतं तरी कुणाला सांगितलं असतं? सगळं गाव तिच्या आईसाठी टाळ्या वाजवत होतं.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दहाव्याला लोकांनी त्यांच्या त्याच भूमिकेची आठवण काढली. मी उठून काही बोलले नाही.

कुठल्या क्षणी बाहेर गेलात ते तुम्ही लिहिलेलं नाही. हँगरलाच गेला असाल तर न्हाणीघराचं राहिलंय आणि शेवटही राहिलाय. शेवटी मृत्युपत्र वाचून झाल्यावर भाऊ म्हणतो की नेहमीसारखा शेवटचा शब्द आईचाच. क्रिस्टिना त्याच्याकडे बघून एवढंच विचारते, "खरंच?" पाहायचा असेल तर तेवढा भाग दिवसा, एकट्यानं पाहा. कुणी सोबत हवं असेल तर तुमच्याबरोबर उठून बाहेर येईल असं माणूस घ्या.