रेकॉर्डिंगचे उरलेत 19 दिवस

ऐरोलीच्या एका वाचकांनी लिहिलंय. रविवारी दुपारी मुलं जेवत असताना एका चित्रपट वाहिनीवर नग्न दृश्य धूसर न करता दाखवलं गेलं. त्यांनी केबलवाल्याला झापलं, कस्टमर केअरला दोनदा फोन केला, मंत्रालयाला टॅग करून पोस्टही टाकली. याला 71 दिवस झाले. आता विचारतात, वाहिनीवर गुन्हा दाखल होईल का? आणि तेच दृश्य दुसरीकडे झाकलेलं कसं? अशी पत्रं बरीच येतात.

दृश्य अश्लील होतं की नाही, हा वाद तूर्त बाजूला ठेवा. वाहिनीला प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग जपून ठेवण्याचं बंधन 90 दिवसांचं आहे. म्हणजे तुमच्या हातात 19 दिवस आहेत. त्यानंतर वाहिनी म्हणणार झाकलं होतं, तुम्ही म्हणणार नव्हतं, आणि विषय तिथेच संपणार.

71 दिवसांत तुम्ही जे केलंत त्यातलं काहीही कायद्याच्या लेखी तक्रार नाही. केबल टेलिव्हिजन नियमांत 2021 साली झालेल्या दुरुस्तीनुसार तक्रार लेखी हवी आणि ती थेट वाहिनीकडे हवी. तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता वाहिनीच्या वेबसाइटवर द्यावाच लागतो. आजच ईमेल करा, त्याचीच प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय मिळायला हवा. निर्णय आला नाही किंवा पटला नाही, तर पुढच्या 15 दिवसांत वाहिनी ज्या स्वयंनियमन संस्थेची (वाहिन्यांनीच स्वतःवर देखरेखीसाठी स्थापलेल्या संस्थेची) सदस्य आहे तिच्याकडे अपील. तिला 60 दिवस असतात. त्यावरचं अपील केंद्र सरकारकडे.

आता हिशेब करा. आज तक्रार गेली तर वाहिनीची मुदत 86व्या दिवशी संपते. अपिलाला 15 दिवस आहेत म्हणून निवांत बसलात तर 90वा दिवस मध्येच निघून जाईल. म्हणून 'हे रेकॉर्डिंग तक्रारीचा निकाल लागेपर्यंत नष्ट करू नये' हे वाक्य पहिल्याच पत्रात हवं.

तक्रारीत 'रविवारी दुपारी' चालणार नाही. तारीख, चित्रपटाचं नाव, दृश्याची अंदाजे वेळ, वाहिनी एसडी की एचडी, केबल की डीटीएच, हे सगळं लिहा. शिवाय हा चित्रपट कोणत्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर दाखवला, त्याचा क्रमांक मागा. टीव्हीवर फक्त 'यू' आणि 'यूए' चित्रपट दाखवावेत, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्येच बजावलं होतं. टीव्हीच्या प्रतीत कापलेलं दृश्य चुकून मूळ प्रतीतून गेलं असेल, तर अश्लीलतेवर शब्दही न बोलता तुमची बाजू उभी राहते. जोडीला केबल नियमांतला नियम 6(5) घ्या: मुलं जास्तीत जास्त संख्येने बघतात त्या वेळी त्यांच्यासाठी अयोग्य कार्यक्रम नको.

मोबाईलवर शूटिंग केलं असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत उपयोगाची नाही. कोर्टात गेलात तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल.

गुन्ह्याचं म्हणाल, तर मला फार आशा नाही. नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये 'बँडिट क्वीन'च्या खटल्यात सांगितलं, आणि 2014च्या अवीक सरकार निकालात समाजाच्या प्रचलित मापदंडाची कसोटी लावली. केबल कायद्यातली तुरुंगाची शिक्षाही 2023च्या जनविश्वास कायद्याने गेली. उच्च न्यायालयात याचिका करता येईल, पण तारखा पडता पडता तुमची मुलं कॉलेजात जातील.

दुसरीकडे झाकलेलं का, तर प्रत्येक वाहिनी आपल्या भीतीनुसार कात्री चालवते. 'चांगली अभिरुची' नियमात आहे, पण ती मोजायची पट्टी नाही. एफटीव्ही ही फॅशन वाहिनी सरकारी आदेशाने 2007 मध्ये दोन महिने बंद झाली, 2010 मध्ये नऊ दिवस. त्याच टीव्हीवर ओटीटी ॲप उघडलंत की केबलचा कायदा लागूच होत नाही, तिथे 2021चे आयटी नियम. तेव्हा त्या दुपारी रिमोटचं कोणतं बटण दाबलं होतं, हे घरात एकदा नक्की विचारून घ्या.

चित्रपट केबलवाल्याच्या स्वतःच्या लोकल चॅनेलवर असेल, तर अर्ज त्याच्याविरुद्ध, अधिकृत अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्तांकडे. ऐरोलीचा जिल्हा ठाणे, पण पोलीस आयुक्त नवी मुंबईचे. ठाण्याच्या आयुक्तालयात खेटे घालू नका.