ट्रॉलीत आंब्याचे ओंडके

प्रश्न : काका, अक्कलकोट रोडला आमची जळणाची वखार आहे, सासऱ्यांच्या वेळची. मालक गेल्यापासून मीच बघते. गिऱ्हाईक म्हणाल तर कडक भाकरी करणाऱ्या बायका, लग्नाचे आचारी, दोन डाईंगवाले. गेल्या महिन्यात मोहोळकडून ट्रॉली आली. वर वेडी बाभूळ, खाली आंब्याचे पाच-सहा ओंडके. वाटेत दोघांनी अडवून पास मागितला. ड्रायव्हर पंधराशे देऊन सुटला आणि आता ते पैसे माझ्या हिशेबातून कापायचे म्हणतो. पावती नाही. जळणालाही पास लागतो का? भाचा जर्मनीत आहे, तो म्हणतो तिकडं सरपणालासुद्धा कागद लागतात. वखार बंदच करावी का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, वखार बंद करू नका. पण ‘जळणाला कसला आलाय कायदा’ हे जुन्या लोकांचं म्हणणं मात्र सोडून द्या. मी वनपाल म्हणून निवृत्त झालो. रस्त्यात उभं राहून किती ट्रॉल्या उपसल्या त्याची गणती नाही. निम्म्या वखारवाल्यांना वाटतं की कायदा सागवानाला, चौकटी-फळ्यांना. आपण मराठीत ‘इमारती लाकूड’ म्हणतो त्यानं हा घोळ होतो. १९२७च्या भारतीय वन अधिनियमातली व्याख्या बघा : पडलेलं किंवा तोडलेलं झाड आणि सगळं लाकूड, मग ते कापलेलं, घडवलेलं असो वा नसो. चुलीत जाणारी ढलपीही त्यात आली.

त्याच कायद्याचं कलम ६९ तर तुम्ही वखारीच्या दारावर लिहून ठेवा. वनोपज सरकारी की खाजगी असा वाद निघाला, तर ते सरकारचंच धरलं जातं. तसं नाही हे तुम्ही दाखवून द्यायचं. मोठ्या व्यापाऱ्याकडं मुनीम असतो, वकील असतो. तुमच्याकडं भिंतीला एक खिळा आणि त्याला टोचलेल्या चिठ्ठ्या. कायदा दोघांना सारखाच, पण भार सारखा बसत नाही, हे मी खात्यात असतानाही बोलायचो. साहेबांना आवडायचं नाही.

आता तुमची ट्रॉली. तिच्यात दोन वेगळी लाकडं होती आणि दोघांचं गणित वेगळं. सुबाभूळ, निलगिरी, वेडी बाभूळ यांसारख्या जातींना महाराष्ट्र वन नियम, २०१४ मध्ये वाहतूक परवान्यातून सूट आहे. पूर्ण यादी वनपरिक्षेत्र कार्यालयातून घेऊन या, आणि माझ्या सांगण्यावर न जाता त्या कागदावर बोट ठेवून वाचा. मात्र ही सूट खाजगी रानातल्या झाडाला आहे. तीच वेडी बाभूळ बार्शी रस्त्याला नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून कुणी तोडून आणली, तर ती चोरीच. आणलेल्या फांटीच्या काट्यावर काही ते लिहिलेलं नसतं. म्हणून झाड कोणतं याच्या आधी ते उभं कुठं होतं हे विचारायचं.

आंब्याचं तसं नाही. १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा आहे, चिंच आहे, जांभूळ आहे. शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावरचा असला तरी तोडायला परवानगी लागते. वाळलेलं, रोगट किंवा वाऱ्यानं पडलेलं झाड असेल तर परवानगी नाकारता येत नाही, पण मागावी लागतेच. लोक मागत नाहीत. खाली आंबा, वर काटेरी बाभूळ ही चाल मला चांगली ठाऊक आहे, कारण काट्यात हात घालायला कुणी धजत नाही. कुऱ्हाडीचा एक टवका काढला की कळतं : बाभळीचा गाभा लालसर तपकिरी, भोवती फिकट कड, चिंचेचा गाभा काळपट जांभळा, आंबा आतपर्यंत फिका, आणि ओला असेल तर वासच सांगतो. सोलापूर शहरात तोडलेलं झाड असेल तर १९७५चा नागरी वृक्ष कायदा लागतो आणि परवानगी महापालिकेकडची.

माझी एक चूक सांगतो. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. सांगोल्याकडून येणारा एक ट्रॅक्टर मी रात्रभर अडकवला. माल सगळा बागेतून उपटलेली डाळिंबाची खोडं. म्हाताऱ्याकडं सातबारा नव्हता, तो घरी. सकाळी मुलगा एसटीनं घेऊन आला, तोवर पावसानं माल भिजला आणि आचारी दुसऱ्या वखारीला गेला. म्हातारा मला काही बोलला नाही, बिडी पेटवून निघून गेला. त्या दिवसापासून भेटेल त्या ट्रॅक्टरवाल्याला मी एकच सांगतो : सातबाऱ्याची झेरॉक्स टूलबॉक्समध्ये ठेव.

तुम्हीही तेच करा. दोनशे पानी वही घ्या. तारीख, ट्रॅक्टरचा नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, लाकडाची जात, वजनकाट्यावरचं वजन. मागच्या पानाला सातबारा टाचायचा, अनुसूचीतलं झाड असेल तर तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पासही. २९ डिसेंबर २०२३ पासून देशभर एकच ऑनलाइन पास पद्धत आलीय, त्यात सूट असलेल्या जातींचं ना-हरकत पत्र स्वतःच काढता येतं. मोबाइलवर मुलाला बसवा. कागद द्यायला जो कुरकुरेल त्याचा माल घेऊ नका, क्विंटलमागं पन्नास रुपये स्वस्त देत असला तरी. स्वस्त का देतोय, ते त्यालाच माहीत असतं.

भाच्याचं खरं आहे. युरोपीय संघाचा लाकूड नियम ३ मार्च २०१३ पासून लागू झाला आणि त्याच्या यादीत सरपणही होतं, कर-जकातीसाठी मालाला जे क्रमांक देतात त्यातल्या ४४०१ या क्रमांकाखाली. गंमत म्हणजे आपल्याकडं जीएसटीतही सरपण ४४०१ मध्येच येतं, कर शून्य. युरोपात बाजारात पहिल्यांदा माल आणणाऱ्यानं तो कायदेशीर तोडीचा आहे का याची सगळी चौकशी करायची. पुढच्या लहान विक्रेत्यानं फक्त कुणाकडून घेतलं आणि कोणत्या व्यापाऱ्याला विकलं याची नोंद पाच वर्षं जपायची. तुमच्यासारख्या माणसाला झेपेल एवढंच. २०२३ साली त्याहून कडक नियम त्याच्या जागी आणायचं ठरलं, पण लागू करायची तारीख पुढं ढकलली गेली. आपल्याकडं अशी पायरी पाडलेली नाही. जंगलतोड करणारा कंत्राटदार आणि तुम्ही एकाच कलमात.

पंधराशे रुपये. ते दोघं खात्याचे होते का, हेच मुळात कुणी विचारलं नाही. खाकी पँट म्हणजे वनरक्षक नव्हे. गुन्हा तडजोडीनं मिटवता येतो, पण ती रक्कम कार्यालयात भरायची आणि पावती घ्यायची. ड्रायव्हरनं पावती आणली तरच कापून द्या. नाही तर त्याला विचारा, आंबा खाली लपवून कुणी भरला होता?

ते ओंडके अजून फोडले नसतील तर फोडू नका आणि बाभळीखाली झाकूनही ठेवू नका. शेतकऱ्याला फोन करून परवानगीचा कागद मागा. नसेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतःहून जाऊन लेखी कळवा, पोच घ्या. थोडा त्रास होईल, एखादा साहेब दोन तास बाकावर बसवेल. वही घेऊन जा, आणि मुलालाही.