लहानपणीच्या घराजवळचं गाव इतक्या वर्षांनी परत बघायला जावं का?

तुम्ही विचारलंय की लहानपणी ज्या गावाजवळ राहायचो तिथे २० वर्षांनी जावं की आठवणी आहेत तशाच राहू द्याव्यात. माझं म्हणणं, जा. फक्त आधी जुन्या घरापाशी जाऊ नका, शेजारच्या त्या गावापासूनच सुरुवात करा.

आम्ही साताऱ्यात राहायचो, मी नववीत असताना बाबांची बदली झाली आणि पुण्याला आलो. वाई साताऱ्यापासून साधारण ३५ किलोमीटर, आजीला संकष्टीला ढोल्या गणपतीला जायचं असायचं म्हणून महिन्यातून एकदा तरी पाचवडवरून लाल एसटीने आम्ही जायचोच. साताऱ्यात शाळा होती, आजारपणं होती, आजोबा गेले, सगळंच तिथे झालं. वाईला मात्र आम्ही फक्त चांगल्या दिवशी गेलो. हा फरक मला तेव्हा कळला नव्हता.

मोठेपणी मी पहिल्यांदा गेले ते थेट साताऱ्याच्या घराकडे, तिथे आता बिल्डिंग उभी आहे, मी समोरच्या बाजूला दहा मिनिटं उभी राहिले, वॉचमनने कोण पाहिजे विचारलं आणि मला काही सांगताच येईना, तशीच गाडीत बसून परत आले आणि नंतर दोन वर्षं त्या बाजूला फिरकले नाही.

मग वाईला गेले, यावेळी पुण्याहून सुरूर फाट्याने, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची वडाची झाडं दिसायला लागली तेव्हाच बरं वाटायला लागलं. ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं, कृष्णेच्या अगदी काठावर, आणि पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय. आजी दर वेळी मला मागे नेऊन ती भिंत दाखवायची, मी कंटाळायचे. यावेळी एकटीच मागे गेले, दगडावर हात ठेवला, उन्हाने चांगला तापला होता, आणि भिंतीचं ते टोक बोटांनी चाचपत बराच वेळ उभी राहिले. मग घाटावर आजी ज्या पायरीवर बसायची तिथे जाऊन बसले. वरून तिसरी. आजीचा हट्टच असायचा त्या पायरीचा, आम्हाला वाटायचं गुडघे दुखतात म्हणून खाली उतरत नाही, पण बसल्यावर कळलं की दुपारी देवळाची सावली तिथवरच येते, खालच्या पायऱ्या उन्हात तापत असतात. ती सावलीत आम्हाला बसवायची आणि स्वतः कडेला, अर्धी उन्हात. हे कळायला मला परत जावं लागलं.

मेणवलीलाही जा म्हणजे जाच, वाईपासून अगदी जवळ आहे. नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट, आणि तिथल्या देवळात टांगलेली ती मोठी घंटा. लहानपणी मला ती देवळाचीच वाटायची. ती पोर्तुगीजांची आहे, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हाच्या लुटीतली, त्यावर १७०७ साल आहे. तसंच वाईतलं मराठी विश्वकोशाचं ऑफिस, बाबा बाहेरून दाखवायचे आणि मी नुसती मान हलवायचे, आणि पुढे शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्याच विश्वकोशातून पानंच्या पानं उतरवून काढली! तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी हे सगळं या एवढ्याशा गावात बसून उभं केलं हे आता कळतं. म्हणजे तुमच्या गावातही अशा गोष्टी असणारच ज्या तेव्हा रोज समोर होत्या आणि दिसल्या नाहीत, त्या बघायला जा.

शनिवार-रविवार टाळा, वाईत तर पाचगणी-महाबळेश्वरची सगळी गर्दी गावातूनच वर जाते. शक्यतो एक रात्र राहा, कारण संध्याकाळी घाटावर गावातली माणसं येऊन बसतात आणि मग कोणीतरी कुठून आलात विचारतंच, तिथून गप्पा सुरू होतात. आणि पहिल्या वेळी एकटे जा, सोबत कोणी असलं की आपण त्यांना दाखवतच बसतो.

मी पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन जातेय. आजी कुठल्या पायरीवर बसायची ते मी सांगणार नाहीये, त्यांना आठवतं का बघायचंय.