गणित-प्रश्नोत्तरे : तीन बिंदूंतून जाणारे अन्वस्त एकच असते का?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत विज्ञान शाखेला आहे. त्याच्या शिकवणीतील चाचणीत ‘(०, ०), (१, २) आणि (२, १) या बिंदूंतून जाणाऱ्या अन्वस्ताचे समीकरण काढा’ असा प्रश्न होता. त्याने २क्ष = ७य − ३य² असे उत्तर लिहिले, ते चूक ठरले. मित्राने लिहिलेले २य = ७क्ष − ३क्ष² हे मात्र बरोबर धरले गेले. आम्ही घरी तिन्ही बिंदू दोन्ही समीकरणांत घालून पाहिले, तर दोन्हीकडे जुळतात. मग मुलाचे चुकले कुठे?
— एक पालक, तासगाव

उत्तर : आपल्या मुलाचे काहीही चुकलेले नाही. प्रश्न जसा आपण लिहून पाठवला आहे तसाच चाचणीत असेल, तर तो अपुरा होता आणि त्याला दोन्ही उत्तरे सारखीच लागू पडतात.

अन्वस्त, म्हणजे मुले ज्याला पॅराबोला म्हणतात तो वक्र, नाभी नावाचा एक स्थिर बिंदू आणि नियता नावाची एक स्थिर रेषा यांपासून समान अंतरावर असणाऱ्या बिंदूंनी बनतो. नाभी नियतेवर नसावी एवढीच काय ती अट. वक्राचे तोंड वर असावे, खाली असावे की आडवे असावे, याविषयी ही व्याख्या काहीच सांगत नाही. वर्गात सुरुवातीला आपण बहुधा उभ्या अक्षाची (अक्ष म्हणजे वक्राचे दोन सारखे भाग करणारी रेषा) अन्वस्ते काढतो, कारण ती वर्गसमीकरणाच्या धड्यातून आलेली असतात, आणि पुढे तीच सवय प्रश्न काढणाऱ्याच्याही हाताला लागते.

मित्राने अक्ष उभा धरला आणि य = अ·क्ष² + ब·क्ष + क असे समीकरण मांडले. वक्र (०, ०) मधून जातो म्हणून क शून्य झाला. उरलेल्या दोन बिंदूंनी अ + ब = २ आणि ४अ + २ब = १ ही समीकरणे दिली. पहिल्याची दुप्पट दुसऱ्यातून वजा केली की २अ = −३, म्हणजे अ = −३/२ आणि ब = ७/२ मिळतात, आणि छेद काढून टाकले की त्याचे उत्तर तयार होते. आपल्या मुलाने अक्ष आडवा धरला. (१, २) आणि (२, १) या बिंदूंतील निर्देशकांची अदलाबदल केली की हे बिंदू एकमेकांच्या जागी येतात, त्यामुळे त्याला तेच सहगुणक मिळाले, फक्त क्ष आणि य यांच्या जागा बदलल्या.

गुण न देण्यामागे एक विचार असू शकतो, तोही येथे नोंदवतो. मुलाच्या समीकरणात क्ष = २ घातले, तर ३य² − ७य + ४ = ० असे होऊन य च्या १ आणि ४/३ अशा दोन किमती येतात; फलात मात्र क्ष च्या प्रत्येक किमतीला य ची एकच किंमत असावी लागते, म्हणजेच त्याचा वक्र हा क्ष च्या कोणत्याही फलाचा आलेख नाही. प्रश्नात ‘द्विघाती फलाचा आलेख’ किंवा ‘अक्ष य-अक्षाला समांतर’ असे शब्द असते, तर मित्राचे एकटेच उत्तर बरोबर ठरले असते. तसे शब्द नसताना मात्र ती अट विद्यार्थ्याने मनाने गृहीत धरावी अशी अपेक्षा ठेवणे मला रास्त वाटत नाही. मुलाने हे दोन्ही वक्र एकाच आलेखकागदावर काढून शिक्षकांना दाखवावेत.

खरे तर या तीन बिंदूंतून दोनच नव्हे, तर अगणित अन्वस्ते जातात. तीन बिंदू एका रेषेत नसतील, तर अक्षासाठी आपण निवडू त्या प्रत्येक दिशेला एक आणि एकच अन्वस्त मिळते. अपवाद फक्त तीन दिशांचा, त्या बिंदूंनी होणाऱ्या त्रिकोणाच्या बाजूंचा, कारण अक्षाला समांतर असलेली रेषा अन्वस्ताला एकाच बिंदूत छेदते, दोन बिंदूंत कधीही नाही. द्विघाती वक्राचे सर्वसाधारण समीकरण ठरवायला पाच स्वतंत्र अटी लागतात. तो वक्र अन्वस्त आहे हे सांगताच त्यांतली एक खर्ची पडते आणि चार उरतात. अक्षाची दिशा सांगितली की तीन उरतात. त्या दिशेबरोबर शिरोबिंदूही, म्हणजे अक्ष वक्राला छेदतो तो बिंदूही, दिला, तर मग आणखी एकच बिंदू पुरतो. दिशा न सांगता चार बिंदू दिले, तरीही उत्तर एकच येईल असे नाही. ते बिंदू बहिर्वक्र, म्हणजे एकही कोपरा आत न वळलेल्या, चौकोनाचे कोपरे असतील आणि त्याच्या समोरासमोरच्या बाजू समांतर नसतील, तर त्यांतून दोन अन्वस्ते जातात.

अक्ष तिरपा असला तरी घाबरण्याचे कारण नाही, तेथे सरळ व्याख्येकडे जावे. नाभी (१, १) आणि नियता क्ष + य = ० असेल, तर दोन्ही अंतरांचे वर्ग समान मांडून (क्ष − १)² + (य − १)² = (क्ष + य)²/२ मिळते आणि ते सोडवले की (क्ष − य)² = ४(क्ष + य − १) असे देखणे समीकरण हाती येते. यातील द्विघाती पदे मिळून पूर्ण वर्ग होतात, हीच अन्वस्ताची खूण आहे.

आणखी एक गोष्ट मुलाला अवश्य सांगावी. दिलेल्या बिंदूंपैकी सर्वांत उंच बिंदू हाच शिरोबिंदू असे समजून अनेक जण (१, २) हा शिरोबिंदू धरतात आणि य = अ(क्ष − १)² + २ असे लिहितात. मग (०, ०) मुळे अ = −२ येतो आणि क्ष = २ ला य ची किंमत १ ऐवजी शून्य निघते. मित्राच्या अन्वस्ताचा खरा शिरोबिंदू (७/६, ४९/२४) आहे. पूर्ण वर्ग करून पाहावे.

प्रश्न : आयर्विन पुलाच्या एका कमानीचे छायाचित्र घेऊन तिचे समीकरण काढण्याचा प्रकल्प मी करत आहे. दोन टोके आणि माथा हे तीन बिंदू घेतले आणि समीकरण मिळाले. यावरून कमान अन्वस्ताकार आहे असे लिहू का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : एवढ्यावरून तसे लिहू नये. कृष्णेवरचा हा पूल १९२९ साली खुला झाला आणि त्याच्या कमानी अभ्यासाला उत्तम आहेत. परंतु दोन टोके आणि मधला माथा असे तीन बिंदू घेतले, की कमान कोणत्याही आकाराची असो, त्यांतून उभ्या अक्षाचे अन्वस्त जाणारच. त्यामुळे समीकरण मिळाले यावरून आकाराविषयी काहीही सिद्ध होत नाही.

उदाहरणादाखल १२ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी कमान घेऊ. ही मापे कल्पित आहेत, आयर्विन पुलाची नव्हेत. आरंभबिंदू माथ्याच्या बरोबर खाली, टोकांच्या पातळीवर ठेवला, तर अन्वस्ताचे समीकरण य = ३ − क्ष²/१२ होते. त्याच तीन बिंदूंतून वर्तुळाचा कंसही जातो आणि त्याची त्रिज्या (६² + ३²)/(२ × ३), म्हणजे ७.५ मीटर येते. आता मध्यापासून ३ मीटरवरची उंची काढा. अन्वस्तावर ती २.२५ मीटर आहे, वर्तुळकंसावर सुमारे २.३७ मीटर. म्हणजे जवळजवळ १२ सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि छायाचित्र कमानीच्या अगदी समोरून, कॅमेरा न कलवता घेतलेले असेल तर तो मोजता येतो. तिरक्या छायाचित्रात आकारच बदलतो, त्यामुळे तसे छायाचित्र घेऊ नये.

तेव्हा माथ्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन-दोन बिंदू मोजा, पहिल्या तीन बिंदूंवरून काढलेली दोन्ही समीकरणे त्यांना लावा आणि कोणत्या वक्राचा फरक कमी पडतो ते तक्त्यात मांडा. कमान वर्तुळकंसाकडे झुकली, तर प्रकल्पात तसेच लिहा.