मोठ्या बोअरच्या रायफलीची लाथ कमी करायला वजनाचा शूटिंग रेस्ट घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची .३७५ मॅग्नम, म्हणजे मोठ्या शिकारीची रायफल, वारसाहक्काने तुमच्या परवान्यावर आली, रेंजवर दोन-चार बार काढले तर खांदा काळानिळा झाला. आता दस्ता (रायफलीचा लाकडी भाग) अडकवायचा आणि खाली ट्रेमध्ये शिशाच्या पिशव्या ठेवायच्या, तसला लोखंडी रेस्ट मागवावा का? गुहागरचे आहात म्हणून इकडच्या हवेचंही सांगतो.

नेम जुळवण्यापुरता रेस्ट जरूर वापरा. वजन बेताचं ठेवा आणि त्याआधी दस्ता नीट तपासा. खांदा दुखू नये एवढ्यासाठीच घेणार असाल तर मात्र पैसे राखून ठेवा.

.३७५ ची ३०० ग्रेनची गोळी, म्हणजे साधारण १९ ग्रॅमचा ऐवज, सेकंदाला ७७० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. चार किलोच्या रायफलीत मागे येणारी ऊर्जा ५० ज्यूलच्या वर जाते, .३०-०६ या नेहमीच्या शिकारी रायफलीच्या जवळजवळ दुप्पट. संवेग तेवढाच राहतो, त्यामुळे मागे येणारं वजन चौपट केलं की ऊर्जा पावपट उरते. रेस्ट आणि शिसं मिळून बारा किलो झालं की बार काढताना कुणी हलकेच ढकलल्यासारखं वाटतं. कागदावर हिशोब चोख आहे.

गोम अशी की रायफल आणि रेस्ट काही एकजीव नसतात. बार सुटला की नळी मागे यायला निघते, बट, म्हणजे दस्त्याचं खांद्याला टेकणारं टोक, रेस्टच्या गादीवर आपटते आणि मागचं धूड जागचं हलायला राजी नसतं. तुमचा खांदा चार बोटं मागे गेला असता, धक्का तेवढ्या वेळात विरला असता. रेस्टवर तो सगळा कोंडतो दस्त्याच्या मानेत, जिथे आपण मूठ धरतो त्या बारीक जागी. लाकूड फाटतं ते तिथेच. स्कोपचे, म्हणजे वरच्या दुर्बिणीचे, स्क्रूही याच आपटण्याने ढिले होतात. त्यामुळे ट्रे आहे म्हणून काठोकाठ भरायचा नाही. अकरा-बारा किलोंची एक पिशवी खूप झाली. रेस्ट टेबलाला क्लॅम्पने आवळू नका, त्याला थोडं मागे सरकू द्या.

आता दस्ता. जुने अक्रोडाचे दस्ते आपल्याकडे पावसात फुगतात आणि शिमग्याच्या सुमारास आकसतात. पन्नास-साठ पावसाळे काढलेल्या लाकडात बारीक चीर असणं अजिबात नवलाचं नाही. त्यात निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा, परत येतं ते कुठल्या कोंदट कोपऱ्यातून कुणास ठाऊक. अ‍ॅक्शनची (काडतूस भरायच्या लोखंडी यंत्रणेची) मागची पट्टी लाकडात जिथे संपते, तिथे पातळ तेलाचं बोट फिरवा, फडक्याने कोरडं पुसा आणि बॅटरी तिरकी धरून बघा. चीर असेल तर तेल तिच्यात मुरलेलं राहतं आणि केसासारखी काळी रेघ दिसते. रेघ दिसली तर रेस्ट विसरा, आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे जा. आतून इपॉक्सी आणि पितळेची पिन घालून दस्ता पुन्हा उभा राहतो, पण ते जाणत्याचं काम आहे. तुमच्या सुताराला देऊ नका, कितीही हुशार असला तरी.

शिशाऐवजी वाळूच्या पिशव्या चालतात. फक्त किनाऱ्यावरची वाळू भरू नका. तिच्यातलं मीठ हवेतली ओल धरतं आणि पिशवी टेकेल तिथे लोखंडाला तांबेरा चढतो. नदीची वाळू धुऊन, उन्हात वाळवून घ्या. पुढच्या आधारावर दस्त्याचा पुढचा भाग टेकवा, नळी नव्हे. पट्ट्याची कडी आधाराच्या पुढे मोकळी राहू द्या, नाहीतर मागे येताना ती अडकते आणि गोळ्या वर जायला लागतात.

हे सगळं रेंजवरच. कलमांच्या बागेत टेबल मांडायचा मोह होतो, पण ही गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते आणि आपल्या कातळावर आपटली तर कुठल्या दिशेला उसळेल याचा नेम नाही.

मार बसण्याचं निम्मं कारण बहुतेक वेळा बसण्याच्या पद्धतीत असतं. बुटक्या टेबलावर ओणवं होऊन बार काढला की कंबरेपासून वरचं अंग मागे जाऊच शकत नाही, सगळा मार गळ्याच्या हाडाशी येतो. टेबल उंच घ्या, ताठ बसा, बट खांद्याच्या खळग्यात घट्ट ओढून धरा. सैल धरलेली रायफल जास्त मारते. स्कोप असेल तर डोळा तीन-साडेतीन इंच मागे ठेवा, नाहीतर भुवई फुटलीच म्हणून समजा. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही घाला. या रायफलींचा आवाज १६० डेसिबलच्या घरात असतो, आणि माणूस दचकतो तो धक्क्याइतकाच आवाजानेही.

दचकायची सवय लागली असेल तर ती रेस्टने जात नाही. मित्राला सांगा, तुमच्या नकळत कधी खरं काडतूस भरायचं, कधी डमी. डमीवर चाप ओढताना नळी खाली गेली की चोरी उघडी पडते. काडतुसं महाग आणि परवान्यावर मोजकी, तेव्हा बराचसा सराव डमीवरच करा.

रेस्टवर जुळवलेला नेम खांद्यावरून थोडा सरकतो. जड रेस्टवर नळी उसळते ती खांद्यावरच्यासारखी नाही. म्हणून शेवटचे तीन बार नुसत्या वाळूच्या पिशवीवर, स्वतःच्या खांद्यावरून काढा आणि स्कोपची शेवटची खूण त्यावरूनच पक्की करा.

तुमची रायफल बोल्टची (एका नळीची, दांडा मागेपुढे करून काडतूस भरायची) की दुनळी, ते लिहिलं नाहीत. दुनळी असेल तर वरचं रेस्टचं सगळं बाद. दुनळीच्या दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका जागी पडाव्यात म्हणून कारागिराने त्या हातातली उसळी धरूनच जुळवलेल्या असतात. जड रेस्टमध्ये जखडली की उजवी आणि डावी नळी वेगवेगळ्या जागी मारतात, आणि चांगल्या रायफलीवर उगाच बोल लागतो. ती उभ्याने, काठ्यांच्या तिपाईवर तळहात ठेवून चालवा.